पायवाटेवरच्या पाट्या: खरडणारे, फिरवणारे, नेणारे. टिकाऊ पाटी करायची कशी?

गवताळ

चिखलदऱ्याच्या पठारावर पर्यटकांसाठी एक पायवाट आखली जात आहे. लांबी ६ किमी, वाटेत दोन ठिकाणी दरीचा काठ, एक ओढा, शेवटी पाडा. वनविभागाची परवानगी झाली आहे, काम ग्रामसमितीकडे आहे. पाट्या १८ लागतील: दिशा दाखवणाऱ्या १२, धोक्याच्या ४ आणि माहितीचे फलक २.

आजूबाजूच्या जुन्या वाटांवर पाट्यांची काय गत होते ते सगळ्यांना माहीत आहे. नावं आणि बदाम कोरलेले, वाढदिवसाचे स्टिकर चिकटवलेले, खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पिंका, दगड मारून उडवलेला रंग. काहींचा बाण उलटा फिरवलेला, काहींचा नुसता खांब उरलेला, काहींचा खांबही नाही.

माझं मत: जाड अँगल, जाड पत्रा, खोल पाया आणि वर दंडाची रक्कम ठळक. पण पैसा मोजका आहे. साहित्य, रंग, पाया, नटबोल्ट याबद्दल जाणकारांनी सांगावं. 'लोकांना शिस्त नाही' एवढाच प्रतिसाद द्यायचा असेल तर तो मी आधीच गृहीत धरला आहे.

भंगार_भाव

जाड लोखंड लावान तं अजून लवकर जाईन राजेहो!

हिशोब पाहा. ५०×५०×६ चा अँगल मीटरले साडेचार किलो. ३ मीटरचा खांब म्हणजे साडेतेरा किलो. वरून २ बाय १ फुटाचा १६ गेजचा पत्रा, तो सव्वादोन किलोच्या वर. पंधरा-सोळा किलो माल जंगलात एकटा उभा हाये. अँगलले भोकं पाडलेले असन तं आणखी बरं, डुकरं अडवाले शेताच्या कुंपणात सरळ फिट. ॲल्युमिनिअम तं लावूच नका, त्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी वर, पहिले तेच जाते.

फ्लेक्सचंही तेच. पावसाळ्याच्या तोंडावर फ्लेक्स चोरीले जात नाई, गोठ्यावर जाते. ज्याले दुसरा काही उपयोगच नाई असा माल लावा.

मोजमाप

भंगार_भाव यांच्याशी सहमत. त्यापुढचं सांगतो. 'नासधूस' या एका नावाखाली चार वेगळे प्रकार मोडतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. चोरीवरचा उपाय म्हणजे भंगारात किंमत नसलेला माल. खरडण्यावरचा उपाय म्हणजे खरडायला सपाट, मोकळी जागाच न ठेवणं. दगडफेकीला जाडी लागते किंवा लहान आकार.

सगळ्यात घातक प्रकार मात्र बाण फिरवणं, आणि त्याच्याकडेच कोणी लक्ष देत नाही. खरडलेली पाटी वाचता तरी येते, फिरवलेली पाटी माणसाला चुकीच्या दरीत नेते. हे होतं कारण पाटी गोल पाइपावर एकाच क्लॅम्पने आवळलेली असते. बोल्ट जरा ढिला झाला की हाताने फिरते, बऱ्याचदा वाऱ्यानेच फिरते आणि नाव पर्यटकांचं होतं. उपाय दोन:

पाइप चौकोनी घ्या, किंवा गोल पाइपला आरपार भोक पाडून १० मिमीचा बोल्ट पाइप आणि पाटी दोन्हींमधून काढा. असे दोन बोल्ट, एकाखाली एक.

आणि खुद्द पाइप जमिनीत फिरू नये म्हणून बुडापासून १० सेंमीवर १२ मिमी सळईचा ३० सेंमी तुकडा आडवा घालून वेल्ड करा. तो काँक्रीटमध्ये गाडला गेला की खांब फिरत नाही आणि उपटतही नाही.

नेटवर्क_नाही

नावं-माहिती सगळी क्यूआर कोडवर टाका की. पाटी इवलीशी, खरडायला जागा नाही.

सातपुडी

@नेटवर्क_नाही, उत्तर तुमच्या नावातच आहे.

शिवाय क्यूआरवर दुसराच क्यूआर चिकटवणं पेन फिरवण्याहून सोपं.

काळी_माती

पायाबद्दल. पठारावर मुरूम किंवा खडक लागला तर ४५×४५ सेंमी, ६० सेंमी खोल पुरे. पण वाटेचा एखादा तुकडा काळ्या मातीतून जात असेल (पाड्याजवळ बहुधा जाईलच), तर तिथे वेगळा हिशोब. काळी माती पावसात फुगते, मार्चनंतर भेगाळते. उथळ पाया तिच्यासोबत वर-खाली होतो आणि दोन उन्हाळ्यांत खांब कलतो. कलता खांब दिसला की ज्याला त्याला तो हलवून पाहायचा मोह होतो, पुढचं काम आपोआप होतं. पडलेल्या खांबांपैकी बरेचसे माणसाने पाडलेलेच नसतात, माणसाने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो.

काळ्या मातीत ९० सेंमी खोदा. तळाला १५ सेंमी मुरूम दाबा, मग काँक्रीट, आणि वर-बाजूने भरताना निघालेली काळी माती परत टाकू नका, मुरूमच भरा.

४५×४५×६० च्या खड्ड्याला १:२:४ च्या (सिमेंट:वाळू:गिट्टी) मिश्रणाने साधारण पाऊण पोतं सिमेंट लागतं. गोळा तयार होतो पावणेतीनशे-तीनशे किलोचा. मिश्रणाला वीसेक लिटर पाणी आणि पुढे सात दिवस ओल्या पोत्याने झाकून पाणी मारणं. १२ खड्डे म्हणजे नऊ पोती आणि पाण्याचे कॅन डोक्यावरून. म्हणून ओढा वाहता असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काम उरका. एप्रिलमध्ये केलेलं काँक्रीट पाण्याविना भुसभुशीत राहतं आणि खांब हाताने निघतो.

दंडुका

एवढं सगळं करण्यापेक्षा चार पोरांना धरून दंड करा. ट्रॅप कॅमेरा लावा. एकदा बातमी छापून आली की सगळे सुतासारखे सरळ.

भंगार_भाव

कॅमेऱ्यावर नजर ठेवाले मंग दुसरा कॅमेरा लावा भाऊ.

कलमवाला

दंडाचा विषय निघालाच आहे तर नीट पाहू. वाटेवरच्या पाटीला कुठला कायदा लागतो ते ती पाटी कुणाची आणि कुठे आहे यावर ठरतं.

सरकारी किंवा ग्रामपंचायतीची मालमत्ता असेल तर सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा, १९८४. कलम ३ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ ही आगळिकीसाठी आहेच. वनाची सीमाखूण हलवली किंवा विद्रूप केली तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम ६३. अभयारण्याची सीमाखूण असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम २७. दिशा दाखवणारी साधी पाटी ही सीमाखूण नव्हे, हे लक्षात घ्या. दोन्ही एकाच खांबावर लावू नका, प्रकरणात घोळ होतो.

कामाची गोष्ट अशी: समितीने वर्गणीतून पाट्या लावल्या आणि ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवल्याच नाहीत, तर ती 'सार्वजनिक मालमत्ता' आहे हे सिद्ध करण्यातच वेळ जातो. प्रत्येक पाटीला क्रमांक, मागच्या बाजूला तोच क्रमांक ठोकलेला, अक्षांश-रेखांश, लावली त्या दिवशीचा फोटो आणि नोंदवहीतली ओळ. एवढं असेल तर पंचनामा अर्ध्या तासाचा.

आणि दंडाची रक्कम पाटीवर लिहिताना ती कोणत्या कायद्याखाली हे माहीत नसेल तर लिहू नका. मनानेच '५००० रु. दंड' रंगवलेल्या पाट्या जागोजागी आहेत. तसा दंड वसूल करायला कुणी आलं तर पावती कशाची फाडणार?

मोहफूल

सगळे गृहीत धरून चालले आहेत की तोडणारा म्हणजे पावसाळ्यात येणारा पर्यटक किंवा दारू पिऊन आलेली पोरं. खरडणारे तेच असतात, मान्य. पण पाटी मुळासकट उखडलेली दिसली तर आधी तिच्यावर काय लिहिलं होतं ते पाहा. 'प्रवेश निषिद्ध', 'गुरे चारण्यास सक्त मनाई' या पाट्या जास्त जातात आणि त्याच खांबावरची 'धबधबा १ किमी' शाबूत राहते. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हापासून कोरकू गावांनी जंगलात पाटी म्हणजे मनाई हेच पाहिलं आहे. गुरांच्या जुन्या वाटेच्या तोंडावर कुणालाही न विचारता पाटी रोवली तर ती राहणार नाही, खांब चार इंची घ्या नाहीतर सहा इंची.

करायचं ते असं. खड्डे खोदण्याआधी ग्रामसभेत नकाशा ठेवा आणि प्रत्येक जागा गुराख्यांना दाखवा. ओढ्याची, टेकडीची, पाड्याची नावं गावात म्हणतात तीच लिहा, पर्यटन पुस्तिकेतली नकोत. कोरकू देवनागरीत लिहिता येते, एक ओळ तिच्यातही टाका. देखभालीची मजुरी त्याच पाड्यातल्या माणसांना द्या. गुराखी रोज त्या वाटेने जातो, त्याच्याइतका चांगला कॅमेरा नाही.

दंडुका

म्हणजे तोडणाऱ्यालाच मजुरी? या सबबीखाली काहीही खपेल.

मोहफूल

तोडणाऱ्याला नव्हे, ज्याच्या वाटेवर तुम्ही खांब रोवताय त्याला. आणि सबब की कारण हे पाटीवरचा मजकूर वाचून कळतं. एवढं वाचायला काय हरकत आहे?

गुरंढोरं

तिसरा गुन्हेगार राहिला. उघड्या माळावर एकटा खांब दिसला की म्हशी आणि गाई अंग घासतात. कुठे दुसरं झाडच नसतं! शक्य तिथे खांब मोठ्या दगडाला किंवा झुडपाला लागून उभा करा. आणि पाटीची वरची कड रुंद ठेवली तर वानरं बसतात, झोके घेतात. कड पातळच ठेवा.

पाटीच्या मागे पोकळ चॅनल असेल तर गांधीलमाश्या पोळं करतात. मग लोक ते पाडायला दगड मारतात आणि पाटीचा रंग उडतो. मागची बाजू सपाट असू द्या.

सातपुडी

अवांतर: खांबाच्या पाइपाचं वरचं तोंड उघडं ठेवू नका. लहान पक्षी आत उतरतात, वर येता येत नाही, मरतात. पाणी साचून पाइप आतून गंजतो ते वेगळंच. टोपी वेल्ड करा, नाहीतर पाइपच काँक्रीटने भरून टाका. २ इंची, ३ मीटर पाइपात साडेसहा लिटर माल मावतो, वजन पंधरा किलोने वाढतं.

भंगार_भाव

हे भारी सांगतलं. काँक्रीट भरलेला पाइप कोनीच घेत नाई. फोडून काढाची मजुरीच जास्त होते.

रंगारी

रंगाबद्दल कुणी बोलेना म्हणून.

लोखंडावर रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, मधे पूर्ण सुकू द्या, मग सिंथेटिक इनॅमलचे दोन. पत्र्याच्या कडा आणि भोकांच्या आत प्रायमर गेलाच पाहिजे, गंज तिथूनच सुरू होतो. पांढरी पार्श्वभूमी टाळा, ती मार्करवाल्यांची वही असते. गडद चकचकीत रंगावर ओरखडा लगेच पांढरा उठतो. मातकट, मधल्या छटेचा, जरा खरखरीत पृष्ठभाग सगळ्यात कमी खरडला जातो. अक्षरं पाटीभर पसरवा, खाली रिकामी पट्टी सोडू नका. त्या पट्टीवर हमखास कुणाचं तरी नाव येतं.

इनॅमलवर दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर कोट मारायचा सल्ला मिळेल. सावध. कच्च्या इनॅमलवर त्याचं द्रावण चढलं की खालचा रंग सुरकुततो. तो कोट पावडर कोटिंगवर चालतो, घरगुती इनॅमलवर नाही.

पुसायचं कसं: कोळसा, खडू असेल तर नुसतं पाणी. मार्कर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आधी कोपऱ्यावर तपासून. ऑइल पेंट असेल तर तारपीन, झटपट आणि हलक्या हाताने. एनसी थिनर कधीच नाही, तो वरचं लिखाण आणि खालची पाटी दोन्ही घेऊन जातो. काथ्या किंवा तारेचा ब्रश नको, कारण चरे पडले की पुढची शाई त्यात मुरते. खर्र्याची पिंक ताजी असताना साबणाच्या पाण्याने निघते. वाळलेल्या चुन्याच्या थराला लिंबूफुलाचं पाणी लावून दहा मिनिटं थांबा. रेडियमच्या पाटीवर यातलं काही रगडू नका, साबणपाणी आणि मऊ फडकं, बस. तसंही दिवसा चालायच्या वाटेला रेडियम कशाला?

खर्राप्रेमी

पिंकेचा उल्लेख दोनदा झाला. आमच्या समाजाच्या भावना दुखावल्या आहेत. पाटीशेजारी पिंकदाणी लावा, आम्ही नेम धरून तिच्याबाहेरच थुंकू.

पाटीकोर

खरडण्यावर पक्का उपाय: ३ मिमी प्लेटमध्ये अक्षरं आरपार कापून घ्या. रंग उडाला तरी वाचता येतं, मार्करला जागा नाही.

पण देवनागरीत एक अडचण आहे, वर्कशॉपवाले सांगत नाहीत. व, ब, क यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून पोटाला जोडणारा ३-४ मिमीचा पूल ठेवावा लागतो. आणि शिरोरेखा सलग कापली तर दोन अक्षरांमधल्या पत्र्याच्या जिभा वरून सुट्या होतात, बोटाने वाकतात. प्रत्येक अक्षरावर शिरोरेखा तोडा. दिसायला जरा विचित्र, पण टिकते.

भटक्या_वऱ्हाडी

इतका खर्च कशाला? बाण खडकावर रंगवा. गाविलगडाकडे जाणाऱ्यांसाठी थेट तटावर पांढरा बाण मारला तरी काम होईल.

कलमवाला

@भटक्या_वऱ्हाडी, अजिबात नको! गाविलगड, नरनाळा हे केंद्र संरक्षित किल्ले आहेत. तटावर बाण रंगवणं हीच नासधूस. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचं कलम ३०, २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे तिथे चालत नाही. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. तिथे पाटीचा पाया खोदण्याआधीही पुरातत्त्व खात्याला विचारा.

आणि तटावर आधीच कुणी नावं लिहिली असतील तर ती पुसायला जाऊ नका. तारेचा ब्रश आणि ॲसिड यांनी झालेली इजा नावांपेक्षा मोठी असते.

पाथरवट

दगड का नको? या भागात काळा पाषाण भरपूर. ९०×२५×२० सेंमीचा दगड, अर्धा जमिनीत, अक्षर ५ सेंमी उंच, ५ मिमी खोल, तिरक्या छिन्नीने कोरलेलं. खाचेत पांढरा रंग. वजन सव्वाशे किलो, कोणी नेत नाही.

सातपुडी

आणि पहिल्याच पोळ्याला शेंदूर.

पाथरवट

गंमत नाही, हे होतं. उभा, वर गोलसर केलेला एकटा दगड शेंदूर ओढून घेतो, मग अक्षरं बुजतात आणि पुसायची कोणाची छाती होत नाही. म्हणून माथा तिरपा, सपाट कापा आणि दगड झाडाच्या बुंध्याशी लावू नका.

गवताळ

सगळ्यांचे आभार. जाड लोखंडाचा आग्रह सोडला. आता कल दगड किंवा काँक्रीटकडे आहे, पण सव्वाशे किलो ६ किमी नेणार कोण? आणि मूळ प्रश्नातल्या धोक्याच्या ४ पाट्यांबद्दल कोणीच बोललं नाही.

मोजमाप

धोक्याच्या पाट्यांवर काटकसर नको, आणि त्यांच्यावर भिस्तही नको. पाटी काठावर लावू नका, काठापासून दहा-बारा मीटर अलीकडे लावा. काठावरची पाटी टेकून फोटो काढायची जागा होते, लोक तिच्यावर पाय देतात. प्रत्येक काठाला दोन, वाटेच्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे तुमच्या चारही लागल्या. एक गेली तरी दुसरी उरते. मजकूर तीन शब्दांत बसवा आणि चित्र काढा. आणि पाटी नसली तरी माणूस अडखळावा म्हणून काठाच्या अलीकडे गुडघाभर दगडांची ओळ रचा. ही ओळ कोणी चोरत नाही.

या चार पाट्या तेवढ्या २ इंची काँक्रीट भरलेल्या पाइपावर, आरपार अक्षरांच्या. बोल्ट गोल डोक्याचा, डोक्याखाली चौकोनी मान असलेला, म्हणजे पुढून पाना बसत नाही. नट आवळल्यावर उरलेले आटे कापून तोंड घणाने चपटं करा. वेल्डिंगसाठी जनरेटर न्यायची गरज नाही. दिशेच्या १२ साध्या आणि स्वस्त असू द्या, दोन जास्तीच्या करून पंचायतीत ठेवा. तुटलेली पाटी आठवडाभरात बदलली नाही तर शेजारची तुटते.

काळी_माती

त्या १२ साठी साच्यातली काँक्रीट पट्टी करा. २० सेंमी रुंद, ८ जाड, ११० लांब. वजन ४२ किलो, दोन माणसं नेतात. १:१.५:३ चं मिश्रण, बारीक १० मिमी गिट्टी, ६ मिमीच्या चार सळया, कडेपासून अडीच सेंमी आत. चोवीस तासांनी साचा काढा, मग दोन आठवडे पाणी.

गुरंढोरं

११० मधली ४० जमिनीत गेली की ७० उरते. सप्टेंबरात पठारावर गवत त्याच्या वर जातं. पाटी शाबूत आणि दिसेना.

काळी_माती

बरोबर. मग लांबी १५० करा, ५० जमिनीत. वजन ५७-५८ किलोवर जाईल, तरी दोघांत जमतं. भोवतीचं गवत सर्वपित्रीच्या आसपास एकदा कापावं लागेलच.

भंगार_भाव

आणि चार सळया कशाले टाकता? कुंपणाचा खांब समजून नेईन कोनी.

काळी_माती

सळया नसतील तर डोंगरावर नेतानाच मधून मोडेल. कुंपणाला न्यायची भीती असेल तर तारेसाठीची भोकं ठेवू नका आणि रुंदी कमी करू नका. चपटी पट्टी कुंपणाला कोणी लावत नाही.

गवताळ

हे जमेल. साच्यात अक्षरं कशाची बसवायची? लाकडी उलटी अक्षरं करून घेतली तर महाग पडतात.

पाटीकोर

चप्पल दुरुस्तीवाल्याकडे तळाचं ८ मिमी रबर शीट मिळतं. कागदावर मजकूर छापून आरशातल्यासारखा उलटा चिकटवा आणि धारदार पात्याने कापा. कापताना पातं जरा तिरकं धरा, अक्षर बुडाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद आलं पाहिजे, नाहीतर साचा काढताना काँक्रीटच्या कडा तुटतात. साच्याच्या तळाला रबर सोल्युशनने चिकटवा, काळं ऑइल फडक्याने पुसून घ्या, ओतू नका. माल भरताना बाहेरून हातोडीने ठोकत राहा, नाहीतर मात्रांच्या खाचेत हवा राहते. एकच शीट सहा-सात पाट्यांना चालतं. बाण वेगळा कापा, म्हणजे डावा-उजवा फिरवून लावता येईल. लावताना मात्र तोही उलटा लागतो हे साच्यावर खडूने लिहून ठेवा.